वापरलेल्या ध्वनिवर्धकाचे मोल : अमेरिकेतील गिटार-ध्वनिवर्धकांच्या फेरविक्रीचा एक इतिहास

१

वापरलेली वस्तू नव्या वस्तूपेक्षा स्वस्त असते, हा बाजाराचा सर्वसामान्य नियम होय. चित्रे, हस्तलिखिते, इटलीतील जुनी व्हायोलिने अशा काही वस्तू ह्या नियमाला अपवाद आहेत. परंतु त्या अपवादांच्या मुळाशी शतकांचे अंतर असते. काळाने त्यांना दुर्मिळ केलेले असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ह्या अपवादांत एका अनपेक्षित वस्तूची भर पडली. ती वस्तू म्हणजे विजेच्या गिटारचा ध्वनिवर्धक. कॅलिफोर्नियातील हॉवर्ड अलेक्झांडर डम्बल ह्या कारागिराने हाताने बनविलेले काही ध्वनिवर्धक अलीकडच्या काळात एक लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकले गेले आहेत. न्यू जर्सीतील केन फिशर ह्याने बनविलेल्यांची किंमतही कित्येक हजार डॉलरांत मोजली जाते. लाकडी पेटी, धातूचा सांगाडा, दोन-तीन ट्रान्स्फॉर्मर, पाच-सात व्हॉल्व्ह आणि मूठभर सुटे भाग एवढाच ह्या वस्तूंचा ऐवज. त्या बनविणाऱ्यांना जाऊन अद्याप अर्धे शतकही लोटलेले नाही.

तेव्हा असा ध्वनिवर्धक दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडून विकत घेणारा मनुष्य नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न उपस्थित होतो. तो एक यंत्र घेतो, एक स्वर घेतो, की केवळ एक नाव घेतो? ह्या प्रश्नाचे उत्तर तंत्रशास्त्रात जितके आहे तितकेच ते इतिहासात आहे. म्हणून प्रथम ही वस्तू कोणत्या परिस्थितीत जन्माला आली ते पाहणे इष्ट होईल.

२

विजेची गिटार १९३० नंतरच्या दशकात बाजारात आली. तिच्या तारांचे कंपन चुंबकाच्या साहाय्याने विद्युत्-स्पंदांत रूपांतरित होते. परंतु ते स्पंद इतके क्षीण असतात, की ध्वनिवर्धकावाचून ती गिटार जवळजवळ मुकीच राहते. म्हणजे ह्या वाद्याचे दोन अवयव आहेत : एक वादकाच्या हातात असतो आणि दुसरा त्याच्या पाठीमागे जमिनीवर उभा असतो. श्रोत्याला जो स्वर ऐकू येतो तो ह्या दोहोंचा मिळून असतो. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे वादक ध्वनिवर्धकाविषयी इतके आग्रही का असतात ह्याचा उलगडा होतो.

ह्या क्षेत्रातील पहिला महत्त्वाचा पुरुष लिओ फेंडर हा होय. १९३८ मध्ये त्याने कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओ-दुरुस्तीचे दुकान काढले व १९४६ मध्ये स्वतःच्या नावाची वाद्यनिर्मितीची कंपनी स्थापन केली. दुरुस्ती करणाऱ्याची दृष्टी त्याने निर्मितीतही सोडली नाही. त्याच्या ध्वनिवर्धकांची रचना व्हॉल्व्ह बनविणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपुस्तकांतील आराखड्यांच्या आधारे सिद्ध झालेली होती; सुटे भाग एका पाट्यावर ओळीने मांडलेले असत, पेटीच्या आत व्हॉल्व्हांचा तक्ता चिकटविलेला असे, आणि कोणत्याही गावातील रेडिओ-मिस्त्रीला यंत्र उघडून बिघडलेला भाग काढता व नवा भाग डाख देऊन बसविता येत असे. ह्या काळातील ज्ञान उघडे होते. १९५८ च्या सुमाराची ‘बासमन’ ध्वनिवर्धकाची रचना लंडनमध्ये जिम मार्शल ह्याच्या दुकानातील मंडळींनी पुढे ठेवून १९६२-६३ मध्ये आपला पहिला ध्वनिवर्धक तयार केला, हे त्या उघडेपणाचेच फळ होय.

जानेवारी १९६५ मध्ये फेंडरची कंपनी सीबीएस ह्या मोठ्या प्रसारण-संस्थेने एक कोटी तीस लाख डॉलरांस विकत घेतली. पुढच्याच वर्षी ट्रान्झिस्टरवर चालणारे ध्वनिवर्धक कंपनीने बाजारात आणले. ते वादकांनी स्वीकारले नाहीत. व्हॉल्व्हांच्या जुन्या रचनांतही १९६८ च्या सुमारास फेरफार करण्यात आले. ह्यानंतर ‘सीबीएसपूर्व’ असा एक शब्दप्रयोग गिटारवादकांच्या बोलीत रूढ झाला. वरवर पाहता तो केवळ कालवाचक आहे. वस्तुतः तो गुणवाचक आहे. वस्तू केव्हा बनली हे सांगितल्याने ती कशी आहे हेही सांगितले गेले, अशी समजूत त्यात अनुस्यूत आहे. वापरलेल्या ध्वनिवर्धकाला नव्याहून अधिक मोल येण्याची सुरुवात ह्या समजुतीपासून झाली असे म्हणावयास हरकत नाही.

३

मोठ्या कारखान्यांविषयी असमाधान वाढू लागले त्याच सुमारास एकएकट्या कारागिरांचा उदय झाला. रँडल स्मिथ ह्याने १९६९ मध्ये ‘मेसा’ ह्या नावाने व्यवसाय आरंभिला. फेंडरच्या ‘प्रिन्स्टन’ ह्या लहानशा ध्वनिवर्धकाच्या पेटीत त्याने अधिक शक्तीची रचना व मोठा स्पीकर बसविला आणि पुढे स्पंद वाढविण्याची एक जादा पायरी त्यात घातली. त्यामुळे पूर्वी केवळ प्रचंड आवाजात मिळणारा भरदार, किंचित फाटलेला, लांबणारा स्वर कमी आवाजातही मिळू लागला.

येथे ह्या ‘फाटण्या’विषयी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. ध्वनिवर्धकाच्या शक्तीपलीकडे स्पंद गेला, की त्याचे शेंडे छाटले जातात. सामान्य ट्रान्झिस्टर-रचनेत ही छाटणी एकदम व तीक्ष्ण होते. व्हॉल्व्हांच्या रचनेत पुष्कळदा ती हळूहळू होते, आणि वादकाच्या बोटांच्या दाबाप्रमाणे तिचे प्रमाण कमी-अधिक होत राहते. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष होय. वादकाच्या दृष्टीने तोच स्वराचा प्राण होय. दोषाचे गुणात रूपांतर झाल्यामुळे मोजमापाच्या नेहमीच्या कसोट्या येथे अपुऱ्या पडल्या आणि कानाचा व नावलौकिकाचा अधिकार वाढला.

डम्बल ह्याचा जन्म १९४४ मध्ये झाला व मृत्यू जानेवारी २०२२ मध्ये. प्रारंभी फेंडरच्या ध्वनिवर्धकांत फेरफार करून आणि पुढे स्वतःचे ध्वनिवर्धक बनवून त्याने लॉस एंजलिसच्या वादकवर्गात नाव मिळविले. ‘ओव्हरड्राइव्ह स्पेशल’ ही त्याची सर्वांत प्रसिद्ध रचना. त्याने आयुष्यभरात बनविलेल्या ध्वनिवर्धकांची संख्या साधारणतः तीनशेच्या आसपास मानली जाते. रॉबेन फोर्ड, लॅरी कार्लटन, जॅक्सन ब्राऊन ही त्याच्या ग्राहकांतील काही नावे. स्टीव्ही रे वॉन ह्याची १९८३ मधील ‘टेक्सास फ्लड’ ही ध्वनिमुद्रिका ब्राऊनच्या स्टुडिओत मुद्रित झाली व तीत तेथील डम्बलचा वापर झाला, ही गोष्ट त्या नावाच्या प्रसिद्धीस फार उपकारक ठरली.

केन फिशर पूर्वी न्यू जर्सीतील ‘अँपेग’ ह्या कंपनीत काम करीत असे. १९८० नंतरच्या दशकात त्याने ‘ट्रेनरेक’ ह्या नावाने ध्वनिवर्धक बनविण्यास प्रारंभ केला. ‘एक्सप्रेस’, ‘लिव्हरपूल’ व ‘रॉकेट’ ह्या त्याच्या तीन रचना. दीर्घ आजारामुळे त्याच्या हातून फार थोडे ध्वनिवर्धक तयार झाले. अनुक्रमांकाऐवजी प्रत्येकाला तो स्त्रीचे नाव देत असे. २००६ च्या डिसेंबरात तो वारला. त्याच्या रचनेत भाग थोडे असत. परंतु कोणती तार कोणत्या तारेजवळून जावी ह्याकडे त्याचे अतिशय लक्ष असे, कारण इतक्या संवेदनशील यंत्रात तारांचे केवळ सान्निध्यही स्वरावर परिणाम करते.

१९८८-८९ च्या सुमारास ह्या एकएकट्या कारागिरांच्या मागोमाग लहान कंपन्या आल्या. क्लीव्हलंड येथे माइक झाइट ह्याने ‘डॉक्टर झेड’ ही, तर लॉस एंजलिस येथे मार्क सँप्सन व रिक पेरोटा ह्यांनी ‘मॅचलेस’ ही कंपनी काढली. मॅचलेसच्या ‘डीसी-३०’ ह्या ध्वनिवर्धकापुढे इंग्लंडमधील ‘व्हॉक्स एसी-३०’ चा आदर्श होता. दुसरीकडे खुद्द फेंडर कंपनीनेच १९९० मध्ये आपल्या १९५९ च्या ‘बासमन’ची नवी आवृत्ती काढली, मात्र तीत हाताने जोडलेल्या पाट्याऐवजी छापील मंडल वापरलेले होते. जुन्या वस्तूच्या कीर्तीला बाजारपेठ आहे, हे ह्या प्रकारे मोठ्या कंपनीनेही मान्य केले.

४

ह्या लहान निर्मात्यांच्या मालास इंग्रजीत ‘बुटीक’ हे विशेषण लागले. ह्या शब्दाचा प्रवास उद्बोधक आहे. कोठार ह्या अर्थाच्या ‘अपोथेके’ ह्या ग्रीक शब्दापासून लॅटिनमधून तो फ्रेंच भाषेत आला व तेथे त्याला दुकान हा अर्थ प्राप्त झाला. त्याच मूळ शब्दापासून स्पॅनिश भाषेत मद्याचे तळघर दर्शविणारा ‘बोदेगा’, पोर्तुगीज भाषेत औषधालय दर्शविणारा ‘बोतिका’ आणि जर्मन भाषेत त्याच अर्थाचा ‘अपोथेक’ हे शब्द आले. इंग्रजीत तो उंची पोशाखांच्या लहान दुकानासाठी वापरला जाऊ लागला व तेथून विशेषण बनून ‘थोड्या प्रमाणात, निवडक गिऱ्हाइकांसाठी बनविलेले’ असा अर्थ धारण करता झाला. ज्या शब्दाच्या मुळाशी साठ्याची विपुलता होती, तोच शब्द शेवटी विरळपणाचा वाचक ठरला.

वापरलेल्या ध्वनिवर्धकांच्या जाहिरातींतील शब्दही असेच तपासून पाहण्यासारखे आहेत. ‘डम्बल’ हे विशेषनाम आता जातिवाचक झाले आहे. ‘डम्बल-शैलीचा’ असे म्हटले म्हणजे दुसऱ्या कोणी त्या धर्तीवर बनविलेला ध्वनिवर्धक समजावयाचा. ‘वादकाच्या योग्यतेचा’ ह्या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग ऐकावयास गौरवपर वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘संग्राहकाच्या योग्यतेचा नव्हे’ असा असतो. मात्र सर्वांत अधिक घोटाळा ‘ओरिजिनल’ ह्या शब्दाने होतो. ध्वनिवर्धकातील विद्युत्-पुरवठा स्थिर करणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर काळाने आतून सुकत जातात. वीस-पंचवीस वर्षांनंतर ते बदलणे सामान्यतः आवश्यक होते, आणि ते न बदलल्यास एखादे दिवशी महागडा ट्रान्स्फॉर्मर जळण्याचा संभव असतो. तेव्हा चाळीस वर्षांच्या ध्वनिवर्धकातील सर्व भाग मूळचे आहेत असे विक्रेता सांगतो, तेव्हा तो संग्राहकाला गुण सांगत असतो आणि वादकाला दोष. एकाच शब्दाने एकाच वस्तूची किंमत एका गिऱ्हाइकासाठी वाढते व दुसऱ्यासाठी कमी व्हावयास हवी. जुन्या वस्तूचे जतन करावयाचे की ती चालती ठेवावयाची, हा ह्या बाजारातील मूलभूत संघर्ष त्या शब्दात दडलेला आहे.

५

वापरलेल्या वस्तूंच्या बाजाराचे सर्वांत प्रसिद्ध विवेचन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ ह्याने १९७० मध्ये केले. जुन्या मोटारगाड्यांचे उदाहरण घेऊन त्याने असे दाखविले, की विक्रेत्याला वस्तूची खरी स्थिती ठाऊक असते व ग्राहकाला ती ठाऊक नसते. म्हणून ग्राहक सरासरीइतकीच किंमत देऊ करतो. त्या किमतीस चांगली वस्तू विकणे परवडत नसल्याने चांगल्या वस्तू बाजारातून हळूहळू नाहीशा होतात. ह्या विवेचनाप्रमाणे पाहू गेल्यास वापरलेल्या ध्वनिवर्धकांचा बाजार केव्हाच कोसळावयास हवा होता. तो कोसळला नाही. इतकेच नव्हे, तर त्याच्या शिखरावरील किमती वाढत गेल्या. ह्याचे कारण असे, की ग्राहकाच्या अज्ञानावर दोन निरनिराळे उपाय ह्या बाजाराने शोधून काढले.

पहिला उपाय वाचनाचा. जुन्या ध्वनिवर्धकाच्या भागांवर अंकांच्या खुणा असतात. अमेरिकन उद्योगाच्या संकेताप्रमाणे पहिले तीन अंक निर्मात्याचे व त्यापुढील अंक वर्षाचे आणि आठवड्याचे. एखाद्या आवाज-नियंत्रकावर ‘१३७६५२३’ असे आढळले, तर तो सीटीएस ह्या कंपनीने १९६५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनविला असे समजते. ‘६०६’ ही खूण शूमाकर कंपनीच्या ट्रान्स्फॉर्मरची व ‘२२०’ ही जेन्सनच्या स्पीकरची. फेंडरच्या आतील तक्त्यावर दोन अक्षरांचा शिक्का असे : पहिले अक्षर वर्षाचे (‘ए’ म्हणजे १९५१) व दुसरे महिन्याचे, म्हणून ‘एच ई’ म्हणजे मे १९५८. मात्र ह्या खुणांचा अर्थ सावधपणे लावावयास हवा. भाग कित्येक महिने कोठीत पडून राहिलेला असू शकतो. म्हणून यंत्र त्या तारखेच्या पूर्वीचे नाही एवढेच त्यावरून सिद्ध होते. कित्येक खुणांत वर्षासाठी एकच अंक असतो. ‘६’ म्हणजे १९५६ की १९६६, हे इतर पुराव्यावरून ठरवावे लागते. एकच भाग इतरांपेक्षा दहा वर्षांनी उत्तरकालीन असेल, तर तो प्रक्षिप्त समजावा. ही पद्धती पाठचिकित्सेच्या पद्धतीहून भिन्न नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे महाराष्ट्रातील अभ्यासकांस ती सुपरिचित आहे. दोन्हीकडे साक्षीदारांची परस्परांशी तुलना करून मूळ कोणते व नंतरची भर कोणती हे ठरवावयाचे असते.

दुसरा उपाय श्रद्धेचा, आणि तो पहिल्याच्या नेमका उलट आहे. आपल्या रचनेची नक्कल होऊ नये म्हणून डम्बल आपल्या ध्वनिवर्धकांतील मंडलाच्या महत्त्वाच्या भागावर काळसर इपॉक्सीचा जाड लेप देत असे. तो लेप असताना आतील भाग वाचता येत नाहीत. दुरुस्तीही दुष्कर होते. फुलर्टनच्या उघड्या पेटीपासून हा प्रवास किती दूरचा होता हे येथे स्पष्ट दिसते. ज्या दिवशी मंडल झाकले गेले त्या दिवशी यंत्राचा पुरावा संपला आणि नाव हाच एकमेव पुरावा उरला. ग्राहकाने आता खुणा न वाचता वंशावळ वाचावयाची : प्रथम कोणाकडे होते, कोणत्या मुद्रिकेत वाजले, निर्मात्याचे पत्र आहे किंवा नाही.

वंशावळीचा हा पुरावा निरुपयोगी नाही. परंतु तो ज्या गोष्टीसाठी वापरला जातो ती त्याने सिद्ध होत नाही. मुद्रिकेत ऐकू येणाऱ्या स्वरात बोटे, तारा, गिटार, स्पीकर, खोली, ध्वनिक्षेपक व मुद्रण करणारा तंत्रज्ञ ह्या सर्वांचा वाटा असतो. त्यांतून ध्वनिवर्धकाचा वाटा निराळा काढता येत नाही. शिवाय डम्बलच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे. तो वादकाचे वादन ऐकून त्याच्या हाताप्रमाणे यंत्र जुळवीत असे. त्यामुळे पहिल्या मालकासाठी जो गुण होता तो दुसऱ्या मालकासाठी गुण असेलच असे नाही. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा कितीही उत्तम शिंप्याचा असला, तरी तो आपल्या खांद्यावर बसेल अशी खात्री देता येत नाही. २०२२ पर्यंत निदान शिंपी हयात होता; आता माप बदलून देणारा कोणी राहिलेला नाही. तरीही त्याच्या मृत्यूनंतर किंमत घटली नाही. ह्याचा अर्थ असा, की ती किंमत माप जुळण्याबद्दलची नव्हे, तर शिंप्याच्या सहीबद्दलची आहे.

तथापि झाकलेले ज्ञान फार काळ झाकलेले राहिले नाही. दुरुस्तीसाठी आलेल्या यंत्रांवरील लेप काही तंत्रज्ञांनी खरवडून काढला, आराखडे काढले व ते एकमेकांस दिले. फिशरच्या रचनाही अशाच अभ्यासिल्या गेल्या. त्या आराखड्यांवरून आज अनेक लहान निर्माते त्या धर्तीचे ध्वनिवर्धक बनवितात, आणि ते मूळ किमतीच्या लहानशा अंशाला मिळतात. दुरुस्ती-दुकानातून निघालेली उघड्या ज्ञानाची परंपरा दुरुस्ती-दुकानांनीच पुन्हा प्रस्थापित केली, असे ह्या घटनेचे वर्णन करता येईल.

६

वरील विवेचनावरून वापरलेला उंची ध्वनिवर्धक घेणाऱ्याने काय पाहावे ह्याचीही दिशा मिळते. त्याने प्रथम आतील भाग पाहण्याचा आग्रह धरावा, मात्र स्वतः हात घालू नये. कारण अशा यंत्रांत ४०० ते ५०० व्होल्टांचा एकदिश दाब असतो आणि तार काढल्यानंतरही कपॅसिटरांत मारक विद्युत्-भार शिल्लक राहू शकतो. ट्रान्स्फॉर्मर मूळचे आहेत की नाहीत हे सर्वांत महत्त्वाचे, कारण स्वरावर त्यांचा परिणाम मोठा असून त्यांची जागा भरून काढणे कठीण असते. व्हॉल्व्ह व कपॅसिटर हे झिजणारे भाग होत. ते बदललेले असणे हा दोष मानू नये, परंतु कोणी व केव्हा बदलले हे विचारावे. व्हॉल्व्हांचा पुरवठाही आता मूठभर ठिकाणांवर अवलंबून आहे. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी हे उत्पादन फार पूर्वी बंद केले असून रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथील कारखान्यांवर सर्व जगाची भिस्त राहिली. १९२२ साली नव्हे, तर २०२२ सालीही रशियाच्या निर्यातबंदीच्या वार्तेने ह्या व्यवसायात घबराट उत्पन्न झाली होती. भारतातील ग्राहकास आणखी एक गोष्ट पाहावी लागते. अमेरिकेसाठी बनविलेले यंत्र १२० व्होल्टांवर चालते. येथील दाब २३० व्होल्टांचा आहे. पुरेशा क्षमतेचा, दाब उतरविणारा ट्रान्स्फॉर्मर मध्ये न घालता ते जोडल्यास कित्येक वर्षांची कीर्ती एका क्षणात जळून जाईल.

परंतु ह्या सर्व सूचना एकाच तत्त्वात सामावतात. ह्या वस्तूंच्या इतिहासात ज्ञान उघडे असताना किंमत माफक राहिली आणि ज्ञान झाकले गेले तेव्हा किंमत आकाशाला भिडली. केवळ विरळपणा हे त्याचे कारण नव्हे. विरळ अशा पुष्कळ वस्तू जगात आहेत आणि त्यांना कोणी विचारीत नाही. यंत्राच्या जागी नाव आले आणि परीक्षेच्या जागी साक्ष आली, हे खरे कारण होय. नावाला मोल देण्यात गैर काही नाही. हस्तलिखिताच्या अखेरच्या पानावरील लेखकाच्या नावालाही अभ्यासक मोल देतातच. मात्र ते नाव पाहून झाल्यावर अभ्यासक ग्रंथ मिटून ठेवीत नाही, तो वाचावयास घेतो. ज्या ग्राहकाला यंत्र वाचता येते, त्याने नावासाठी किती पैसे मोजले व स्वरासाठी किती, हे त्याचे त्याला निश्चित सांगता येते. ज्याला ते वाचता येत नाही, त्याच्या बाबतीत हा हिशेब विक्रेताच करीत असतो.